इलिनॉय गव्हर्नर निवडणूक २०१८: राउनर विरुद्ध प्रिट्झकर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा, काय झालं होतं?

६ नोव्हेंबर २०१८ ला इलिनॉयमध्ये गव्हर्नरची निवडणूक झाली. खुर्चीवर होते रिपब्लिकन ब्रूस राउनर, समोर डेमोक्रॅट जे. बी. प्रिट्झकर, म्हणजे हयात हॉटेलवाल्या घराण्यातले. प्रिट्झकरना साधारण ५४.५ टक्के मतं पडली आणि राउनरना ३९ टक्क्यांच्या आतच, म्हणजे चुरस वगैरे काही नव्हती, सरळ आपटले. पण ही निवडणूक लोकांच्या लक्षात राहिली ती पैशामुळे, अमेरिकेत कुठल्याही राज्याच्या निवडणुकीत एका उमेदवाराने स्वतःच्या खिशातून एवढा पैसा त्याआधी कधी ओतला नव्हता.

गव्हर्नर म्हणजे राज्यपाल ना? मग निवडणूक कशी काय?

आपल्याकडचे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तिकडचा गव्हर्नर लोक थेट निवडतात, चार वर्षांसाठी. काम बघितलं तर आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचं: बजेट मांडायचं, खाती चालवायची, विधेयकावर सही करायची नाहीतर व्हेटो मारायचा. फरक एवढाच की विधिमंडळात बहुमत दुसऱ्या पक्षाचं असलं तरी गव्हर्नर पडत नाही, चार वर्षं दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. राउनरचं नेमकं हेच झालं, ते खाली येतंच.

पण राउनर पण श्रीमंतच होते ना? मग "श्रीमंत चॅलेंजर" कोण?

हाच तर मजेशीर भाग आहे. २०१४ मध्ये राउनर स्वतः श्रीमंत चॅलेंजर होते! जीटीसीआर नावाच्या शिकागोच्या प्रायव्हेट इक्विटी कंपनीत आयुष्य काढलेलं, कधी निवडणूक लढवलेली नाही, आणि तेव्हा खुर्चीवर असलेल्या पॅट क्विन यांच्या विरोधात स्वतःचे अडीच कोटी डॉलरच्या वर घालून उतरले. जाहिरातीत मात्र साधा माणूस, १८ डॉलरचं घड्याळ, कामगार घालतात तसलं जॅकेट. जिंकलेही, १०२ काउंटींपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एकटी कुक काउंटी (म्हणजे शिकागो) सोडून सगळीकडे पुढे. चार वर्षांनी शेरास सव्वाशेर भेटला. राउनरकडे कोट्यवधी होते, प्रिट्झकर फोर्ब्सच्या हिशोबात ३०० कोटी डॉलरच्या वरचे आसामी. "मी श्रीमंत आहे म्हणून मला कोणी विकत घेऊ शकत नाही" हा जो डायलॉग राउनरला २०१४ ला कामी आला तो समोरचा जास्त श्रीमंत निघाल्यावर वापरणार कसा?

प्रिट्झकरनी नक्की किती घातले? रुपयात सांगा.

१७ कोटी १५ लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने १,२०० कोटी रुपयांच्या वर. त्यांना पडलेली मतं होती साधारण २४ लाख ८० हजार, म्हणजे मतामागे जवळजवळ ६९ डॉलर. याआधीचा रेकॉर्ड ईबेच्या मेग व्हिटमन यांचा होता, कॅलिफोर्निया २०१०, १४ कोटी ४० लाख डॉलर, आणि त्या हरल्या होत्या हे लक्षात ठेवा.

राउनरनी डिसेंबर २०१६ मध्येच, निवडणुकीला दोन वर्षं असताना, स्वतःच्या फंडात ५ कोटी डॉलर टाकले. उद्देश उघड होता, की समोर येणाऱ्याने आकडा बघूनच विचार सोडावा. पुढे मे २०१७ मध्ये सिटाडेल हेज फंडचे केन ग्रिफिन यांनी राउनरना एका चेकमध्ये २ कोटी डॉलर दिले. प्रिट्झकर घाबरले नाहीत, पण डेमोक्रॅट पक्षातल्या इतर इच्छुकांची मात्र हवा गेली, पक्षाच्या नेत्यांनाही वाटायला लागलं की आता याला टक्कर द्यायला पैसेवालाच हवा. म्हणजे राउनरनी जो चेक दुसऱ्यांना पळवून लावायला लिहिला त्यानेच प्रिट्झकरची वाट मोकळी केली, माझं तरी असंच मत आहे.

एवढा पैसा घालायला काही लिमिटच नाही का?

स्वतःच्या पैशाला नाही. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलिओ केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की उमेदवाराने स्वतःच्या प्रचारावर स्वतःचा पैसा किती खर्च करावा यावर बंधन घालता येणार नाही, ते बोलण्याच्या स्वातंत्र्यात मोडतं. दुसऱ्याकडून घ्यायच्या देणगीला मात्र लिमिट लावता येते, इलिनॉयमध्ये तेव्हा एका व्यक्तीला साडेपाच हजार डॉलरच्या आसपासच देता यायचे.

मग ग्रिफिन यांनी २ कोटी कसे दिले? तर इलिनॉयच्या कायद्यात एक भन्नाट कलम आहे. राज्यभरच्या पदासाठी एखाद्या उमेदवाराने स्वतःचे अडीच लाख डॉलरच्या वर घातले की त्या शर्यतीतल्या सगळ्यांसाठी देणगीची लिमिट उठते. हेतू चांगला होता, की श्रीमंत उमेदवारापुढे साध्या उमेदवाराला जास्त गोळा करता यावं. प्रत्यक्षात काय होतं? एका श्रीमंताने दार उघडायचं आणि बाकीच्या श्रीमंतांनी आत यायचं.

आपल्याकडे तेव्हा मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची लिमिट २८ लाख रुपये होती (२०२२ पासून ४० लाख), पक्षाच्या खर्चाला लिमिट नाही. कागदावर आपण कडक, बाकी काय बोलायचं, तुम्हाला माहितीच आहे.

हा पैसा जातो कुठे?

टीव्ही, टीव्ही आणि टीव्ही. शिकागोचं मार्केट महागडं. त्यात दक्षिण इलिनॉयच्या लोकांना सेंट लुईसचे चॅनल दिसतात आणि ते शहर मिझुरीत, म्हणजे तिकडच्या चॅनलला पैसे मोजून निम्मी जाहिरात भलत्याच राज्याच्या मतदारांना दाखवायची. तिकडे राहणाऱ्या कोणालाही विचारा, त्या ऑक्टोबरमध्ये बातम्या लावल्या की प्रिट्झकर, मॅच लावली की राउनर, मुलांसाठी यूट्यूब लावलं तरी आधी पंधरा सेकंद प्रिट्झकर, आणि पत्रपेटीत रोज जाड ग्लॉसी कागदावरची चार पत्रकं, ज्यात समोरच्याचा फोटो मुद्दाम काळपट छापलेला.

पण सगळाच टीव्हीवर गेला नाही. प्रिट्झकरनी राज्यभर ऑफिसं उघडली, पगारी माणसं ठेवली आणि राज्याच्या नि काउंटी पातळीवरच्या डेमोक्रॅट पक्षालाही पैसा दिला. टीकाकार म्हणतात पक्षच विकत घेतला. कार्यकर्ते म्हणतात निदान ऑफिसचं भाडं तरी निघालं. दोन्ही खरंच आहे.

राउनर खुर्चीवर होते, मग त्यांना फायदा व्हायला हवा होता ना?

व्हायला हवा होता. पण खुर्चीवर बसून काय केलं हे लोक बघतातच. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते निवडणूक २०१८ ला नाही, २०१५ ते २०१७ मध्येच ठरली.

राउनर निवडून आले "टर्नअराउंड अजेंडा" घेऊन: युनियनची ताकद कमी करायची, नेत्यांना टर्म लिमिट (म्हणजे एका पदावर किती काळ राहायचं याची मर्यादा) लावायची, प्रॉपर्टी टॅक्स गोठवायचा, कामगारांच्या नुकसानभरपाईचे नियम बदलायचे. त्यांची अट अशी की हे आधी, बजेट नंतर. विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅट्सचं आणि स्पीकर माइक मॅडिगन, १९८३ पासून मधली दोन वर्षं सोडली तर त्याच खुर्चीत. ते म्हणाले आधी बजेट, बाकीचं बघू. दोघेही हटले नाहीत आणि १ जुलै २०१५ पासून राज्याला पूर्ण बजेटच नाही. एक महिना नाही, सहा महिने नाही, दोन वर्षं!

आता बजेट नाही म्हणजे सरकार बंद पडलं असं नाही. कोर्टाच्या आदेशाने सरकारी पगार चालू होते, शाळांचे पैसे वेगळे मंजूर झाले होते, त्यामुळे बऱ्याच लोकांना सुरुवातीला काही जाणवलंच नाही. मार बसला तो मधल्या लोकांना. सरकारी अनुदानावर म्हाताऱ्यांना, अपंगांना, व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना सेवा देणाऱ्या संस्थांना बिलांचे पैसे मिळेनात, लुथरन सोशल सर्व्हिसेससारख्या जुन्या मोठ्या संस्थेने २०१६ च्या सुरुवातीला ३० कार्यक्रम बंद करून ७०० च्या वर माणसं कमी केली. सरकारी युनिव्हर्सिट्यांनी लोक काढले. गरीब विद्यार्थ्यांची राज्याकडून मिळणारी स्कॉलरशिप अडकली. आणि लॉटरी! मोठं बक्षीस लागलेल्या माणसाला राज्य म्हणतंय पैसे नंतर देतो, कारण चेक काढायला मंजुरीच नाही. सरकारनेच विकलेलं तिकीट, सरकारनेच काढलेला नंबर, आणि सरकारच उधारीवर.

थकलेली बिलं वाढत वाढत १,५०० कोटी डॉलरच्या घरात गेली. जून २०१७ मध्ये राज्याचं क्रेडिट रेटिंग "जंक"च्या (म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचं) फक्त एक पायरी वर आलं. शेवटी ६ जुलै २०१७ ला सभागृहाने बजेट आणि टॅक्सवाढीवरचा राउनरचा व्हेटो उलथवला, लागणारी मतं ७१ आणि मिळालीही बरोबर ७१, त्यात राउनरच्याच पक्षाचे काही आमदार. इन्कम टॅक्स ३.७५ वरून ४.९५ टक्के झाला. म्हणजे टॅक्स वाढू देणार नाही म्हणून दोन वर्षं राज्य अडवून धरलं, टॅक्स वाढलाच, आणि अजेंड्यातलं जवळजवळ काहीच हाती लागलं नाही.

वर डिसेंबर २०१७ मध्ये राउनर पत्रकारांसमोर बोलून गेले की मी काही इन चार्ज नाहीये, होण्याचा प्रयत्न करतोय. त्यांना म्हणायचं होतं की खरी सत्ता मॅडिगनकडे आहे. पण गव्हर्नरने असं बोलायचं असतं का? प्रिट्झकरच्या जाहिरातवाल्यांना आयतं सापडलं.

त्यांच्याच पक्षात भांडण का लागलं?

सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी गर्भपाताला सरकारी विम्यातून पैसे देणाऱ्या विधेयकावर (एचबी ४०) सही केली. आधी पक्षातल्या लोकांना वाटत होतं व्हेटो मारतील. कट्टर मंडळी भडकली आणि जीन आइव्हज नावाच्या आमदारबाई मार्च २०१८ च्या प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) राउनरविरुद्ध उभ्या राहिल्या, पैसा कमी, नाव फारसं कोणाला माहीत नाही, तरी राउनर जेमतेम तीन टक्क्यांनी वाचले. खुर्चीवरच्या गव्हर्नरची स्वतःच्या पक्षात ही गत. पुढे नोव्हेंबरमध्ये सॅम मॅककॅन हे रिपब्लिकन आमदार वेगळ्या पक्षाकडून उभे राहिले आणि ४ टक्क्यांच्या वर मतं घेऊन गेले.

ट्रम्प यांचंही ओझं होतंच. २०१६ ला ट्रम्प इलिनॉयमध्ये १७ टक्क्यांनी हरले होते, त्यामुळे राउनर त्यांचं नावच घ्यायचे नाहीत. मध्यममार्गींना ते ट्रम्पच्याच पक्षाचे वाटले आणि ट्रम्पवाल्यांना आपले वाटले नाहीत.

प्रिट्झकरची प्रायमरी सोपी गेली का?

पैशाच्या मानाने नाही. समोर रॉबर्ट केनेडींचे चिरंजीव ख्रिस केनेडी आणि राज्य सिनेटर डॅनियल बिस. बिस यांचा मुद्दा सरळ होता: एका श्रीमंताला काढायला दुसरा श्रीमंत कशाला? प्रिट्झकरना ४५ टक्के मिळाली, बाकीची या दोघांत फुटली. एकच उमेदवार समोर असता तर काय झालं असतं हा प्रश्न मला अजून पडतो.

ते टॉयलेटचं प्रकरण काय होतं?

हां, हे सगळेच विचारतात! शिकागोच्या गोल्ड कोस्ट भागात प्रिट्झकरचा वाडा आहे. शेजारचा दुसरा वाडाही त्यांनी विकत घेतला होता, तो रिकामाच होता. २०१५ मध्ये त्या दुसऱ्या घरातले कमोड काढून टाकले. का? तर टॉयलेट नाही म्हणजे घर राहण्यालायक नाही, राहण्यालायक नाही म्हणजे किंमत कमी, किंमत कमी म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स कमी. कुक काउंटीच्या असेसरकडे (घरांची किंमत ठरवणारा अधिकारी) तसा अर्ज गेला, मूल्यांकन ६० लाख डॉलरच्या वरून साधारण ११ लाखांवर आलं आणि टॅक्समध्ये ३ लाख ३० हजार डॉलरच्या आसपास सूट मिळाली.

निवडणुकीच्या महिनाभर आधी काउंटीच्या इन्स्पेक्टर जनरलचा (पोलीस नव्हे, गैरव्यवहार तपासणारा अधिकारी) गोपनीय रिपोर्ट फुटला. त्यात या सगळ्याला फसवणुकीची योजना म्हटलं होतं. प्रिट्झकर म्हणाले नियमाप्रमाणे केलंय, पण पैसे परत भरतो, आणि भरले. गुन्हा दाखल झाला नाही. राउनरची मंडळी जाहिरातीत कमोड नाचवत होती.

इलिनॉयमध्ये घर असलेल्या माणसाला हे किती झोंबतं ते सांगतो. तिथला प्रॉपर्टी टॅक्स देशातल्या सगळ्यात जास्त असलेल्या राज्यांमध्ये मोडतो. शिकागोजवळच्या नेपरव्हिल, शॉमबर्गकडच्या आपल्या मराठी आयटीवाल्या घरात बसा, मुलांच्या शाळांचा विषय निघतो आणि दुसऱ्या मिनिटाला टॅक्सच्या बिलावर येतो. दर वर्षी अपील करणारे, त्यासाठी वकील लावणारे कित्येक. आणि इथे अब्जाधीश माणूस कमोड काढून लाखो वाचवतोय. तरीही मतं त्यांनाच पडली, यावरून लोक राउनरना किती कंटाळले होते ते समजा.

आणि एफबीआयच्या टेप्स?

२००८ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांचा फोन एफबीआय ऐकत होती. ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांची रिकामी सिनेट सीट विकायला काढली म्हणून पुढे १४ वर्षांची शिक्षा झालेले हेच ते. त्या रेकॉर्डिंगमध्ये प्रिट्झकरही सापडले, राज्याच्या ट्रेझररपदाबद्दल बोलताना, आणि दुसऱ्या एका टेपमध्ये कृष्णवर्णीय नेत्यांपैकी सिनेटसाठी कोण चालेल याची चर्चा करताना. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, पण दुसऱ्या टेपबद्दल त्यांना माफी मागावी लागली. राउनरनी त्या टेप्स जाहिरातीत वाजवून वाजवून कान किटवले.

योगायोग बघा, फेब्रुवारी २०१८ मध्ये राउनर एका कार्यक्रमात विविधता समजावून सांगणाऱ्या वक्त्यासोबत स्टेजवर चॉकलेट घातलेलं दूध पिताना दिसले आणि त्यांचंही हसं झालं. तो वक्ता हयातचाच अधिकारी होता, आता बोला.

क्विन्सीचं प्रकरण काय?

हे हसण्यासारखं नाही. क्विन्सी गावात माजी सैनिकांचं सरकारी होम आहे, तिथे २०१५ मध्ये पाण्यातून लिजनेअर्स रोग (फुफ्फुसांचा गंभीर आजार) पसरला, डझनभर वृद्ध सैनिक गेले, आणि पुढच्या वर्षांतही केसेस येत राहिल्या. सरकारने कळवायला आणि दुरुस्तीला उशीर केला असा आरोप झाला. जानेवारी २०१८ मध्ये राउनर स्वतः तिथे जाऊन काही दिवस राहिले, तिथलंच पाणी प्याले. पण ज्या घरातला माणूस गेला त्यांना त्याचं काय.

राउनर वि. प्रिट्झकर होती तर जाहिरातीत सारखे मॅडिगन का?

कारण मॅडिगन राज्यात दोघांपेक्षाही नावडते होते. राउनरचा सगळा प्रचार असा की प्रिट्झकर म्हणजे मॅडिगनचा माणूस. एका जाहिरातीत तर दोघांचं चर्चमध्ये लग्न लावलंय, आणि पाद्री शेवटी शिवी हासडतो (बीप करून). यातला मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. मॅडिगन २०२१ मध्ये स्पीकरपदावरून गेले, २०२५ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरले आणि साडेसात वर्षांची शिक्षा झाली. पण २०१८ च्या मतदाराचा प्रश्न वेगळा होता, मॅडिगन वाईट आहेत हे मान्य, मग चार वर्षांत तुम्ही त्यांचं काय वाकडं केलंत?

मग पैशाने निवडणूक जिंकली का, हो की नाही?

नुसता पैसा असता तर व्हिटमन जिंकल्या असत्या. २००२ मध्ये टेक्सासमध्ये टोनी सांचेझ यांनी रिक पेरींविरुद्ध जवळजवळ ६ कोटी डॉलर घातले, आपटले. राउनर स्वतःच्या कर्माने पडले, त्या वर्षी बराचसा कोणताही डेमोक्रॅट त्यांना हरवू शकला असता. प्रिट्झकरच्या पैशाने दोन कामं केली: राउनरचं एकमेव हत्यार बोथट केलं, आणि डेमोक्रॅट्सकडून उभं कोण राहणार ते ठरवलं. दुसरं जास्त गंभीर आहे, त्यावर कोणी बोलत नाही.

मी एच-१बीवर आहे, तिकडच्या उमेदवाराला देणगी देऊ शकतो का?

नाही. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मत नाही. मत फक्त नागरिकांना. पाच-दहा डॉलर दिले तर कोण बघतंय असं म्हणून करू नका, पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी नसती झंझट.

प्रिट्झकर पगार घेतात का?

नाही. राउनर वर्षाला एक डॉलर घ्यायचे, हे तोही घेत नाहीत.

पुढे काय झालं?

१५ डॉलर किमान वेतनाचा कायदा २०१९ मध्येच झाला, १ जानेवारी २०२० पासून गांजाची विक्री कायदेशीर झाली. पण मुख्य वचन होतं श्रीमंतांना जास्त दराने इन्कम टॅक्स, त्यासाठी राज्यघटना बदलावी लागते, कारण इलिनॉयमध्ये सगळ्यांना एकच दर. नोव्हेंबर २०२० ला त्यावर सार्वमत झालं. प्रिट्झकरनी बाजूने ५ कोटी ६५ लाख डॉलर घातले, ग्रिफिन यांनी विरोधात जवळजवळ तेवढेच, आणि प्रिट्झकर हरले. स्वतःवरच टॅक्स वाढवा म्हणणारा अब्जाधीश, आणि लोकांनी नको म्हटलं. राजकारण्यांच्या हातात आणखी एक चावी द्यायला लोक तयार नव्हते, आणि मॅडिगनच्या राज्यात राहिलेल्या माणसाला ते समजतं.

२०२२ मध्ये ग्रिफिन यांनी ऑरोराचे मेयर रिचर्ड अर्विन यांच्यामागे ५ कोटी डॉलर लावले, ते रिपब्लिकन प्रायमरीच हरले, तिसऱ्या नंबरवर. जिंकले डॅरन बेली, त्यांना प्रिट्झकरनी आरामात हरवलं. त्याच वर्षी ग्रिफिन सिटाडेल घेऊन मायामीला गेले. राउनर तर आधीच फ्लोरिडाला गेलेले. इलिनॉयमध्ये गव्हर्नरला टर्म लिमिट नाही, त्यामुळे जून २०२५ मध्ये प्रिट्झकरनी तिसऱ्यांदा उभं राहण्याची घोषणा केली.

आपल्या मराठी माणसांपैकी कोणी असा प्रयत्न केलाय?

केलाय ना, त्याच वर्षी, तलावापलीकडच्या मिशिगनमध्ये! बेळगावचे श्री ठाणेदार, केमिकल टेस्टिंगच्या धंद्यात पैसा कमावलेले, २०१८ ला डेमोक्रॅट प्रायमरीत गव्हर्नरपदासाठी उतरले आणि स्वतःचे साधारण एक कोटी डॉलर घातले. जाहिराती इतक्या लवकर सुरू केल्या की नाव घरोघरी पोचलं, सुरुवातीच्या काही पोलमध्ये ते चक्क पुढे होते. पण ऑगस्टमध्ये मतं मोजली तेव्हा ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्के, अब्दुल अल-सय्यद ३० आणि ठाणेदार १७-१८ वर तिसरे. तिथे युनियन आणि पक्षाची माणसं आधीपासून व्हिटमरसोबत होती, आणि पाडायला समोर राउनरसारखा कोणी खुर्चीवर नव्हता. ठाणेदार मग डेट्रॉइटला गेले, तिथून २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत आणि २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आले.